‘कशासाठी’चा रकाना

ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण संपल्यावर डिसेंबर २०२३ ते मे २०२४ असे सहा महिने मी मुंबईतील एका निसर्गसंवर्धन संस्थेत इंटर्न म्हणून काम केले. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही चुकांविषयी लिहायचे आहे आणि त्यांतल्या मोठ्या चुका माझ्याच आहेत. ही संस्था कोकण किनाऱ्यावरील कासवांसाठी, खारफुटीसाठी आणि शहराला लागून असलेल्या जंगलासाठी काम करते. मी मात्र त्या सहा महिन्यांत एकही कासव पाहिले नाही. माझी खुर्ची परळमधील एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, निधिसंकलन विभागात होती. हा विभाग जे काही करतो ते नेमके कसे करतो, हे लिहून काढणे एवढेच माझे काम होते.

या कामाची गरज निर्माण झाली ती ताईंमुळे. सगळे त्यांना ताईच म्हणत, वयाने त्यांच्याहून मोठे असलेले अकाउंट्सचे काकासुद्धा. देणगीदारांशी पत्रव्यवहार, पावत्या, बँकेचा ताळमेळ आणि सरकारी विवरणपत्रांच्या तारखा हे सर्व सोळा वर्षे त्यांच्याकडे होते आणि जूनमध्ये त्या निवृत्त होणार होत्या. कार्यालयात एसओपी, म्हणजे कामाची ठरलेली पद्धत, या नावाची एक फाइल होती, पण ती कोणत्या तरी लेखापरीक्षणाच्या वेळी घाईने तयार केलेली असावी, कारण तिच्यातील निम्मी पाने अस्तित्वात नसलेल्या संगणकप्रणालीविषयी होती. खरी एसओपी ताईंच्या मेजामागच्या भिंतीवर टांगलेली होती. ती म्हणजे कालनिर्णय. दरवर्षी एक जानेवारीला ताई जुन्या कालनिर्णयवरच्या पेन्सिलीच्या नोंदी नव्यावर उतरवून घेत असत. ३१ मेच्या चौकटीत ‘दहा बीडी’, ३१ डिसेंबरच्या चौकटीत ‘एफसी चार’ म्हणजे परदेशी देणग्यांचे वार्षिक विवरणपत्र, मार्चच्या शेवटच्या आठवड्यावर आडवी रेघ आणि प्रत्येक महिन्याच्या सात तारखेला फक्त ‘मुलुंड’.

पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या शेजारी बसून पाहत राहिले आणि विचारत राहिले. हे आधी का, ते नंतर का, या पावतीवर दोन सह्या आणि त्या पावतीवर एकच का? बहुतेक प्रश्नांना त्यांचे उत्तर ठरलेले होते: “अगं, असंच असतं ते.” यात टाळाटाळ नव्हती. सोळा वर्षे रोज केलेल्या गोष्टीचे कारण माणसाच्या हातात उतरलेले असते, ते जिभेवर चटकन येत नाही. मी वहीत चार रकाने आखले होते: काय करायचे, कोणी करायचे, कधी करायचे आणि कशासाठी. पहिले तीन रकाने दोन आठवड्यांत भरले. चौथ्याने उरलेले साडेपाच महिने घेतले.

पावतीचेच उदाहरण घ्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की देणगी आली, पावती दिली, विषय संपला. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८०जी खाली अशा संस्थेला दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रकमेची करपात्र उत्पन्नातून वजावट देणगीदाराला मिळते, तीही त्याच्या उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत; आणि रोख दिलेली रक्कम २,००० रुपयांहून अधिक असेल तर ती वजावट मिळतच नाही. पूर्वी संस्थेची छापील पावती पुरेशी असे. २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून मात्र संस्थेने प्रत्येक देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन किंवा दुसरा ओळखक्रमांक आणि रक्कम १०बीडी या विवरणपत्रात भरून पुढच्या ३१ मेपर्यंत आयकर विभागाला द्यावी लागते, आणि त्यानंतर पोर्टलवरून निघणारे १०बीई हे प्रमाणपत्र देणगीदाराकडे जाते. वजावट त्या प्रमाणपत्रावर मिळते. आमची पावती आता केवळ पोच आहे. विवरणपत्राला उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क लागते. ताईंना मात्र त्या शुल्कापेक्षा जुलैमध्ये विवरण भरायला बसलेल्या देणगीदाराचे दूरध्वनी अधिक जड वाटत असत.

या एका बदलामुळे विभागाचे सारे काम उलटे फिरले होते, आणि जुन्या फाइलला त्याचा पत्ताच नव्हता. पूर्वी पॅन हा सवडीने विचारण्याचा तपशील होता. आता तो पैसे येताच, शक्य तर त्याआधीच मिळायला हवा. पण पॅन मागणे हे आभार मानण्याच्या विरुद्ध टोकाचे काम आहे. एखाद्या आजोबांनी पेन्शनमधून १,००१ रुपये पाठवले आणि त्याच दिवशी आपण त्यांना कायम खाते क्रमांक विचारला, तर त्यांना आपण बँकेतून बोलत आहोत असे वाटते, किंवा आपण चोर आहोत असे वाटते. म्हणून ताईंचा क्रम असा होता की पहिला दूरध्वनी केवळ आभाराचा. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या पत्त्यावरून टपालाने किंवा ईमेलने पत्र, आणि पॅनची विनंती त्या पत्रात. हा क्रम कोठेही लिहिलेला नव्हता. पहिल्या मसुद्यात मी दोन पायऱ्या वाचवण्यासाठी तो एकत्र केला, याचा मला तेव्हा अभिमानही वाटला होता.

सर्वांत अवघड प्रकरणे स्मृतिदेणग्यांची. मुलाने वडिलांच्या वर्षश्राद्धानिमित्त स्वतःच्या खात्यातून पाच हजार रुपये पाठवले आणि पावती ‘कै.’ वडिलांच्या नावाने हवी असे कळवले, तर काय करावे? वजावट पैसे देणाऱ्याला मिळते आणि विवरणपत्रात पॅनही त्याचाच जातो. त्यामुळे पावती मुलाच्या नावानेच निघाली पाहिजे. पण ती तशी कोरडी गेली तर त्या घरात काय वाटेल, हे ताईंना ठाऊक होते. त्या पावतीसोबत वडिलांच्या नावाचे वेगळे स्मृतिपत्र पाठवत असत, जाड कागदावर, हाताने नाव घालून, आणि ते पावतीच्या आधी पोहोचेल अशी काळजी घेत. माझ्या रकान्यात हे असे उतरले: ‘पावती कायद्यासाठी, पत्र कुटुंबासाठी, दोन्ही एका पाकिटात घालू नयेत.’ संपूर्ण दस्तऐवजातील माझे आवडते वाक्य हेच आहे आणि ते मूळचे ताईंचे आहे.

याच्या अगदी उलट अडचण गुप्तदानाची. या हाताचे त्या हाताला कळू नये, अशी आपल्याकडे दानाची जुनी रीत. देवळाच्या दानपेटीला ती चालते, कारण निव्वळ धार्मिक संस्थांना या बाबतीत सूट आहे. आमच्यासारख्या धर्मादाय संस्थेला मात्र निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा एक लाख रुपये यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्यापलीकडे गेल्या, तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर बसतो. त्यामुळे बँकेच्या विवरणात ज्या नोंदीचा धनी सापडत नाही तिचा माग काढत राहावे लागते. यूपीआयने आलेल्या रकमेला बारा अंकी संदर्भक्रमांक असतो, पण नाव अर्धवट छापलेले असते. ताईंनी यासाठी ‘अनोळखी’ नावाची एक एक्सेल शीट ठेवली होती. महिनाअखेरीस त्या आणि अकाउंट्सचे काका समोरासमोर बसून तिच्यातील नावे जुळवत, आणि एखादे जुळले की काका चष्मा काढून “गेला एक” असे म्हणत.

‘मुलुंड’ ही नोंद याच शीटमधली होती. दर महिन्याच्या सात तारखेला, बँकेला सुटी असेल तर आठला, मुलुंडच्या एका शाखेत आमच्या खात्यावर ५०१ रुपये रोख जमा होत. नाव नाही, चिठ्ठी नाही. ताईंच्या आठवणीप्रमाणे हे सहा वर्षे चालू होते. वर्षाचे ६,०१२ रुपये म्हणजे कराच्या दृष्टीने चिंतेचे काहीच नव्हते, आणि काकांनी तर त्यावर वेळ घालवू नका असे स्पष्टच सांगितले होते. तरीही ताई दर महिन्याला ती नोंद पाहून पेन्सिलीने बरोबरची खूण करत असत. मी त्या ओळीचा चौथा रकाना बरेच दिवस रिकामा ठेवला.

आता माझी चूक. परदेशी देणग्यांविषयीचा भाग मी कायद्याचा सारांश वाचून एका संध्याकाळी लिहिला आणि त्यात ठळक अक्षरांत घातले: ‘परदेशात राहणाऱ्या व्यक्तीकडून देशांतर्गत खात्यात देणगी स्वीकारण्यात येऊ नये.’ विदेशी अंशदान नियमन कायदा २०१० चा आहे आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी प्रथम नवी दिल्लीत संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच यावा लागतो, एवढे माझे बरोबर होते. पण हा कायदा माणूस कोठे राहतो हे विचारत नाही, त्याचे नागरिकत्व कोणते आहे हे विचारतो. भारतीय पारपत्र असलेला, दुबईत नोकरी करणारा रत्नागिरीचा गृहस्थ आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पैसे पाठवतो, तेव्हा ते परदेशी अंशदान ठरत नाही. याउलट अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या काकू सुटीत पार्ल्याला माहेरी आल्या आणि त्यांनी इथल्याच खात्यातून रुपयांत देणगी दिली, तरी ते परदेशी अंशदान ठरते, मग त्यांचे मराठी कितीही शुद्ध असो. फेब्रुवारीत माझा मसुदा वापरून नव्या सहकाऱ्याने दुबईच्या एका देणगीदाराला नम्रपणे नकार कळवला. ते गृहस्थ दहा वर्षे नियमाने देणगी देणारे होते. ताईंनी स्वतः त्यांना दूरध्वनी करून माफी मागितली आणि नंतर मला एवढेच म्हणाल्या, “तू नियम लिहिलास, पण तो कशासाठी आहे ते विचारलं नाहीस.” माझ्याच रकान्याची आठवण मला करून द्यावी लागली, याची लाज आजही वाटते.

या प्रसंगानंतर मी तो मसुदा नव्या सहकाऱ्याच्या हाती देऊन त्याच्या मागे गप्प बसण्याचा प्रयोग सुरू केला. अट अशी की त्याने अडल्यावर मला विचारायचे नाही आणि मी सुचवायचे नाही. पहिल्याच दिवशी तो तिसऱ्या ओळीवर थांबला. ओळ होती: ‘धनादेशाची नोंद करण्यात यावी.’ कोणी करावी, कोठे करावी, बँकेत टाकण्यापूर्वी की नंतर, यांपैकी काहीही त्या ओळीत नव्हते. आपली शासकीय मराठी कर्त्याला किती सहज लपवते, हे मला तेव्हा जाणवले. ‘करण्यात यावी’, ‘घेण्यात येईल’, ‘कळविण्यात आले आहे’ अशा वाक्यांत जबाबदारी हवेत तरंगत असते आणि सगळ्यांना वाटते की ती दुसऱ्या कोणावर उतरली. इंग्रजी मसुद्यातही हा दोष होता, पण मराठीत तो इतका सभ्य दिसतो की खटकत नाही. मी सर्व वाक्ये पुन्हा लिहिली: ‘पावतीचे काम पाहणारी व्यक्ती धनादेशाचा क्रमांक त्याच दिवशी आवकवहीत लिहिते.’ भाषा जरा ठोकळ झाली, हे मान्य आहे. पण सहकारी पुढे सरकला.

कंपन्यांकडून येणाऱ्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीचा भाग, ज्याला सगळे सीएसआरच म्हणतात, मला लिहायला सर्वांत अवघड आणि सर्वांत आवडता वाटला. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींचे निव्वळ मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक कसोटी लागू होणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करायची असते, आणि सातव्या अनुसूचीत वनस्पती व प्राण्यांचे रक्षण स्पष्टपणे येते. एप्रिल २०२१ पासून निधी घेणाऱ्या संस्थेलाही सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणीक्रमांक घ्यावा लागतो. हे झाले कागदाचे. खरा पेच असा की कंपनीचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि कासवाचे संपत नाही.

कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालतात, एका घरट्यात सुमारे शंभर. वाळूच्या तापमानाप्रमाणे ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधील घरट्यांतील पिल्ले एप्रिलमध्ये, कधी त्यानंतरही समुद्राकडे निघतात. नेमक्या त्याच काळात कंपनीचा अधिकारी निधी कशावर खर्च झाला याचे विनियोग प्रमाणपत्र आणि ‘एकूण किती पिल्ले सोडली’ हा आकडा मागत असतो, कारण त्यालाही वर्ष बंद करायचे असते. पूर्वी एकदा घाईत दिलेला अंदाजी आकडा पुढे खऱ्या आकड्याशी जुळला नव्हता आणि त्याचा खुलासा करण्यात विभागाचा अख्खा जून गेला होता. तेव्हापासून ताईंचा नियम असा की प्रस्तावात पिल्लांची संख्या कधीही उद्दिष्ट म्हणून लिहायची नाही. किती किलोमीटर किनाऱ्यावर किती रात्री गस्त घातली, किती घरटी संरक्षित केली, हे आपल्या हातात आहे, ते लिहावे; अंड्यातून कोण कधी बाहेर येईल ते वाळू ठरवते. अहवालात ३१ मार्चपर्यंतची मोजणी द्यावी आणि उरलेली घरटी ‘मोजणी चालू’ म्हणून दाखवावीत. ही ओळ लिहिताना मी कोकणातील कार्यकर्त्यांशी दूरध्वनीवर बोलले. पलीकडून लाटांचा आवाज येत होता आणि अलीकडे परळच्या पुलावरचे भोंगे वाजत होते.

५ जूनच्या वृक्षारोपणाचे प्रकरण थोडक्यात आटोपते. जागतिक पर्यावरणदिनी आपल्या कर्मचाऱ्यांनी रोपे लावावीत असे अनेक कंपन्यांना वाटते, पण मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीखच ११ जून आहे. म्हणून एसओपीत आहे की ५ जूनला भाषण, फेरफटका आणि बियांची ओळख, रोपे मात्र जुलैमध्ये. ज्यांना ५ जूनचेच छायाचित्र हवे असते त्यांना हे पटवताना संयम लागतो, आणि ते कौशल्य मला लिहून देता आले नाही.

आवाहनपत्रांविषयीही एक गोष्ट सांगायला हवी, जरी ती संस्थेत कोणाला फारशी आवडली नाही. पत्रावर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील बिबट्याचे छायाचित्र असले की देणग्या भरभरून येतात. चिखलातील खेकड्याचे असले की येत नाहीत. पण पैशांची गरज अनेकदा चिखलालाच असते. आणि बिबट्यासाठी म्हणून मागितलेला पैसा खारफुटीवर खर्च करणे हा देणगीदाराचा विश्वासघात आहे. यावर तोडगा म्हणून पत्राच्या तळाशी ‘या आणि अशा इतर संवर्धनकार्यासाठी’ अशी ओळ असते. मी ती पायरी नोंदवली आणि चौथ्या रकान्यात लिहिले की ही ओळ छायाचित्राखाली, वाचता येईल अशा आकारात असावी. वरिष्ठांनी ‘आकारात’ या शब्दाभोवती पेनाने वर्तुळ केले. चर्चा झाली आणि ओळ राहिली. माझ्या मते सहा महिन्यांतील ही सर्वांत उपयोगी भांडणाची वेळ होती.

सगळ्याच पायऱ्यांना मात्र इतके सखोल कारण नसते. ‘मंगळवारी धनादेश बँकेत पाठवू नयेत’ असा एक नियम सर्वजण निमूटपणे पाळत होते. मला वाटले बँकेची काही अडचण असेल. काकांना वाटत होते की हा ताईंचा अंगारकीचा वगैरे उपास असावा. ताईंनी बराच विचार केला आणि मग त्या स्वतःच हसू लागल्या. बँकेत जाणाऱ्या शिपाईमामांची साप्ताहिक सुटी मंगळवारी असे, आणि मामा केव्हाच निवृत्त होऊन गावी गेले होते. तो नियम आम्ही त्याच दिवशी काढून टाकला. कारण लिहिलेले असते तर तो मामांबरोबरच निवृत्त झाला असता.

मासिक देणगीदारांचा नियम याच्या उलट निघाला. वरवर निरर्थक वाटणारी एक पायरी होती: कार्डावरून दरमहा रक्कम कापली जाण्याच्या तीन दिवस आधी देणगीदाराला कामाची एखादी बातमी किंवा छायाचित्र पाठवणे. मी ती पायरी वगळण्याचे सुचवले होते. कारण सापडले ते रिझर्व्ह बँकेच्या नियमात. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून अशी ठरावीक काळाने कापली जाणारी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने ग्राहकाला सूचना द्यावी लागते आणि तिच्यात नकार देण्याची सोय असते. त्या ऑक्टोबरमध्ये जुन्या परवानग्या चालेनाशा झाल्या आणि विभागाने कित्येक दिवस एकेका देणगीदाराला दूरध्वनी करून नव्याने परवानगी घेतली, हे ताईंच्या त्या वर्षीच्या कालनिर्णयवर दिसते. बँकेचा कोरडा संदेश पोहोचण्याआधी आपले छायाचित्र पोहोचलेले असावे, एवढाच त्या पायरीचा हेतू होता.

मार्चअखेर आली तेव्हा आणखी एक बदल जाणवला. २०२३-२४ पासून नवी कररचना हीच मूळ पद्धत ठरली आणि तिच्यात ८०जीची वजावट नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यावरची ताईंची आडवी रेघ त्या वर्षी तितकी गर्दीची ठरली नाही. काही नोकरदार देणगीदारांनी सरळ सांगितले की आता पावतीची गरज उरलेली नाही, आणि तरीही त्यांपैकी बऱ्याच जणांनी देणगी दिली. ताईंना त्याचे नवल वाटले नाही.

३१ मेपूर्वी तीन दिवस आम्ही १०बीडी भरून दिले. ‘अनोळखी’ शीटमध्ये शेवटी काही नोंदी उरल्याच, आणि त्यांत मुलुंड होते. ताईंच्या सांगण्यावरून मी त्या ओळीचा चौथा रकाना भरला: ‘दर महिन्याला पाहावे. एखाद्या महिन्यात रक्कम आली नाही तर शाखेत चौकशी करावी. देणाऱ्याचे वय झाले असण्याची शक्यता आहे.’ मग त्यांनी कालनिर्णय खिळ्यावरून काढला, गुंडाळला आणि नव्या सहकाऱ्याच्या मेजावर ठेवला. माझा छापील दस्तऐवज ७४ पानांचा झाला होता आणि तो त्या गुंडाळीच्या खाली होता.

८ जूनला सकाळी मी डोंबिवलीहून नव्या नोकरीला निघाले होते, तेव्हा सहकाऱ्याचा संदेश आला: “काल ५०१ आले.”